मोडेम तोच, फर्मवेअर नवे: आठ आठवड्यांच्या वापरानंतर

आमच्या घरी केबलमधून येणाऱ्या इंटरनेटबद्दल गेली तीन वर्षे माझी एकच तक्रार होती, आणि ती वेगाची नव्हती. आम्ही न्यू जर्सीत राहतो. आमची योजना ५०० मेगाबिट डाउनलोड आणि २० मेगाबिट अपलोडची आहे, आणि वेग मोजायला बसले की आकडे त्याच्या आसपास, बहुतेकदा थोडे वरच येतात. तरीही सकाळी साडेसात वाजता, म्हणजे साताऱ्याला संध्याकाळचे पाच वाजलेले असताना, आईला व्हिडिओ कॉल लावावा आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या फोनने आदल्या दिवशीचे फोटो क्लाउडवर चढवायला घ्यावेत, की पलीकडून हमखास तेच वाक्य येई: "अरे, तुझं तोंड हलतंय, पण आवाज मागाहून येतोय." कंपनीकडे तक्रार नोंदवली की तंत्रज्ञ येऊन वेग मोजून दाखवी, आकडा हिरव्या रंगात झळके आणि तक्रार निकाली निघे.

एप्रिलच्या सुरुवातीला याच कंपनीकडून एक ईमेल आला. ग्राहकांना भाड्याने दिलेल्या काही मोडेमवर नव्या फर्मवेअरची, म्हणजे मोडेमच्या आत बसून तो चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची, चाचणी घ्यायची असून, ज्यांची संमती असेल त्यांच्या मोडेममध्ये ते सर्वांच्या आधी घातले जाईल, असे त्यात म्हटले होते. बदलांच्या यादीत चारच ओळी होत्या: स्थैर्यात सुधारणा, सुरक्षेतील दुरुस्त्या, दिव्याच्या रंगात बदल, आणि शेवटी, अपलोड चालू असताना होणारा विलंब कमी करण्यासाठी रांगेचे व्यवस्थापन. पहिल्या तीन ओळी कोणत्याही फर्मवेअरबरोबर येतातच. चौथी वाचली आणि त्याच मिनिटाला संमती कळवली. चाचणीच्या अटींप्रमाणे कंपनीचे आणि मोडेमचे नाव येथे देता येत नाही. मोडेम डॉक्सिस ३.१ प्रकारचा, चार वर्षे वापरातला आहे, एवढे सांगितले तरी पुढच्या विवेचनाला पुरेसे आहे.

येथे एक गोष्ट आधी सांगितली पाहिजे, कारण राउटरचे फर्मवेअर स्वतः बदलणाऱ्यांनाही ती अनेकदा ठाऊक नसते. केबल मोडेमचे फर्मवेअर ग्राहकाला बदलता येत नाही, अगदी मोडेम दुकानातून स्वतःच्या पैशाने विकत घेतलेला असला तरी नाही. डॉक्सिस हे केबलवरून इंटरनेट नेण्याचे मानक १९९७ साली आले, ते केबललॅब्स या केबल कंपन्यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेल्या संस्थेने तयार केले, आणि त्यात मोडेम हा ग्राहकाच्या घरात ठेवलेला असला तरी कंपनीच्या जाळ्याचाच एक अवयव मानलेला आहे. मोडेम सुरू झाला की तो आधी योग्य वाहिनी शोधतो, मग दुसऱ्या टोकाच्या यंत्राशी आपली वेळ आणि सिग्नलची ताकद जुळवून घेतो, आयपी पत्ता मागतो आणि कंपनीच्या सर्व्हरवरून एक छोटी फाईल उतरवून घेतो. तुम्हाला किती वेग द्यायचा हे त्या फाईलमध्ये लिहिलेले असते, आणि कोणते फर्मवेअर चालवायचे हेही तिच्यातूनच सांगता येते. फर्मवेअरवर डिजिटल स्वाक्षरी असते आणि ती जुळली नाही तर मोडेम ते नाकारतो. थोडक्यात, माझ्या हातात फक्त 'हो' म्हणणे होते. 'आता नको, जुने परत द्या' म्हणण्याची सोय त्या ईमेलमध्ये कुठेही नव्हती, आणि तो मुद्दा पुढे येणारच आहे.

संमती दिल्यानंतर नवे फर्मवेअर कधी येणार हे कळवलेले नव्हते, म्हणून मी आधीच्या आठवड्यात जुन्याची नीट मोजणी करून ठेवायचे ठरवले. मोजणीपूर्वी तळघरात उतरून घरातली केबल तपासली, आणि हे केले नसते तर पुढचे सगळे आकडे फुकट गेले असते. आधीच्या घरमालकाने टीव्हीसाठी बसवलेला तीन तोंडांचा स्प्लिटर तेथे तसाच होता. त्याच्या दोन तोंडांना काहीच जोडलेले नव्हते आणि तिसऱ्यातून आमचा मोडेम चालला होता. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१००.१ हा पत्ता टाकला की मोडेमचे स्वतःचे पान उघडते. त्यावर येणाऱ्या सिग्नलची पातळी उणे ९ डीबीएमव्ही (केबलमधल्या सिग्नलची ताकद मोजण्याचे एकक) दिसत होती आणि पाठवण्यासाठी मोडेमला ५० डीबीएमव्हीपर्यंत जोर लावावा लागत होता. स्प्लिटर काढून केबल थेट जोडल्यावर हेच आकडे उणे २ आणि ४३ झाले, आणि नोंदवहीत दिवसातून आठ-दहा वेळा दिसणारी 'टी-३ टाइमआउट' ही नोंद दिसेनाशी झाली. ती नोंद म्हणजे मोडेमने हाक मारली आणि ठरलेल्या वेळात पलीकडून ओ आली नाही. सैल कनेक्टर आणि गंजलेला स्प्लिटर यांवर कोणतेही फर्मवेअर उपाय करू शकत नाही, आणि नवे फर्मवेअर 'बिघडवते' अशा ज्या तक्रारी ऐकू येतात त्यांतल्या बऱ्याचशांचे मूळ तळघरात सापडेल असा माझा कयास आहे.

मोजणीची पद्धत मी मुद्दाम साधी ठेवली. लॅपटॉप मोडेमला थेट तारेने जोडलेला, वायफाय बंद, आणि वेळा तीन: सकाळी साडेसहा, संध्याकाळी साडेसहा आणि रात्री साडेदहा. प्रत्येक वेळी तीन गोष्टी मोजल्या. लाइन रिकामी असताना जवळच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येण्यास लागणारा वेळ, अपलोड पूर्ण भरात असताना लागणारा तोच वेळ, आणि डाउनलोड पूर्ण भरात असताना लागणारा वेळ. मॅक संगणक वापरणाऱ्यांना यासाठी बाहेरचे काही घ्यावे लागत नाही. २०२१ च्या मॉन्टेरे आवृत्तीपासून टर्मिनलमध्ये 'नेटवर्कक्वालिटी' ही आज्ञा आलेली आहे आणि ती एका मिनिटात किती फेऱ्या होऊ शकतात हा आकडा देते. जितक्या फेऱ्या जास्त, तितकी लाइन हजरजबाबी.

जुन्या फर्मवेअरवर, स्प्लिटर काढल्यानंतरही, चित्र असे होते. रिकाम्या लाइनवर फेरीचा वेळ १३ ते १५ मिलिसेकंद, म्हणजे केबलच्या मानाने उत्तम. डाउनलोड भरात असताना ५५ ते ६५. अपलोड भरात असताना मात्र २८० पासून ३४० मिलिसेकंदांपर्यंत, आणि हे सकाळी, संध्याकाळी, रात्री, सर्व वेळी सारखेच. शेजारपाजारच्या गर्दीमुळे विलंब होत असता तर पहाटे तो कमी दिसला असता. तो कमी होत नाही याचा अर्थ रांग माझ्याच मोडेममध्ये लागत होती.

ही रांग कशी लागते ते आकड्यांत सांगतो. मोडेममध्ये बाहेर जाणाऱ्या पॅकेटांसाठी, म्हणजे माहितीच्या छोट्या तुकड्यांसाठी, एक बफर, म्हणजे तात्पुरती साठवणीची जागा, असते. समजा तिच्यात ७५० किलोबाइट मावतात. २० मेगाबिटच्या वेगाने तेवढा माल बाहेर पडायला ३०० मिलिसेकंद लागतात, आणि हाच बफर ५ मेगाबिटच्या योजनेवर असेल तर १.२ सेकंद. फोनने फोटो चढवायला घेतले की तो बफर काठोकाठ भरून टाकतो, कारण पॅकेट हरवेपर्यंत वेग वाढवत जायचे हाच टीसीपीचा, म्हणजे इंटरनेटवर माहिती पोचवण्याच्या नियमावलीचा, स्वभाव आहे. आणि बफर मोठा असल्यामुळे पॅकेट हरवतच नाही, फक्त वाट पाहत बसते. मग माझ्या आवाजाचे एवढेसे पॅकेट येते आणि त्या संपूर्ण रांगेच्या शेवटी उभे राहते. एसटी स्थानकाच्या खिडकीवर एका माणसाने अख्ख्या वऱ्हाडाची तिकिटे काढायला घ्यावीत आणि मागे एका तिकिटाचा प्रवासी ताटकळावा, तसाच हा प्रकार. जिम गेटिस या संगणकतज्ज्ञांना २०१० मध्ये आपल्या घरच्या केबल लाइनवर मोठ्या फाईल पाठवताना हाच दोष आढळला आणि त्याला 'बफरब्लोट' हे नाव मिळाले. दोष वेगाच्या चाचणीत दिसत नाही, कारण ती चाचणी किती माल गेला एवढेच मोजते. कोण किती वेळ उभे राहिले हे विचारत नाही.

नवे फर्मवेअर एका मंगळवारी पहाटे तीनच्या सुमारास आले. मोडेम स्वतःच बंद होऊन सुरू झाला आणि सकाळी त्याच्या पानावरचा आवृत्तीचा क्रमांक बदललेला दिसला. त्या आठवड्याच्या मोजणीत रिकाम्या लाइनवरचा वेळ तोच, १३ ते १५ मिलिसेकंद, राहिला. अपलोड भरात असतानाचा वेळ २४ ते ३३ मिलिसेकंदांवर आला. पहिल्या दिवशी मला माझ्या मोजणीचीच शंका आली आणि मी लॅपटॉप बदलून पुन्हा मोजले. आकडा तसाच आला. 'नेटवर्कक्वालिटी'चा अपलोडचा आकडा आधी २०० फेऱ्यांच्या खाली असे, तो १,१०० ते १,४०० च्या दरम्यान स्थिरावला. या बदल्यात अपलोडचा वेग २३.५ वरून २२.८ मेगाबिटवर उतरला. हा सौदा मी कधीही करीन.

यामागची युक्ती ऐकायला विचित्र वाटते. रांगेतला अंदाजे विलंब ठरलेल्या मर्यादेपलीकडे जाऊ लागला की मोडेम एखाददुसरे पॅकेट मुद्दाम टाकून देतो. त्यामुळे पाठवणाऱ्याला वेळीच इशारा मिळतो, तो वेग आवरतो आणि रांग वाढत नाही. डॉक्सिससाठी या पद्धतीचे जे रूप ठरवले आहे त्याला डॉक्सिस-पाय म्हणतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये ते इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत आरएफसी ८०३४ म्हणून प्रसिद्ध झाले आणि त्यात विलंबाचे लक्ष्य १० मिलिसेकंद धरले आहे. माझ्या बारा वर्षांच्या मुलाला हे समजावताना त्याने सरळ विचारले, "बाबा, पॅकेट फेकून दिलं तर नेट स्लो व्हायला पाहिजे ना?" प्रश्न चुकीचा नाही. अनेक वर्षे अभियंत्यांचीही धारणा हीच होती की पॅकेट हरवणे हे पाप आणि मोठा बफर हे पुण्य, आणि त्या समजुतीपायीच मोडेममध्ये बफर फुगत गेले. मुलाला स्पष्टीकरण फारसे पटले नाही, पण त्याच्या खेळातला लॅग मी फोटो चढवत असतानाही जाणवत नाही हे मात्र त्याने स्वतःहून मान्य केले.

हा फरक केवळ माझ्या घरापुरता नाही. कॉमकास्ट या मोठ्या केबल कंपनीच्या अभियंत्यांनी महामारीच्या काळातल्या मोजणीवर आधारलेला एक अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे एकाच पिढीची पण दोन निर्मात्यांनी बनवलेली उपकरणे होती. एकात ही व्यवस्था चालू होती, दुसऱ्यात नव्हती. अपलोडच्या भरातला विलंब पहिल्यात सुमारे १५ ते ३० मिलिसेकंद आणि दुसऱ्यात सुमारे २५० निघाला. डॉक्सिस ३.१ मध्ये ही व्यवस्था मोडेमला बंधनकारक आहे. तरीही माझ्या मोडेमला ती मिळायला चार वर्षे लागली, यावरून मानकात लिहिलेले असणे आणि घरच्या डब्यात चालू असणे यांत किती अंतर असते ते दिसते. यंत्राला एकही नवा भाग लागला नाही. क्षमता पहिल्या दिवसापासून आत होती.

आता जे सुधारले नाही त्याविषयी. डाउनलोड भरात असतानाचा विलंब पूर्वीइतकाच, ६० मिलिसेकंदांच्या आसपास, राहिला. यात फर्मवेअरचा दोष नाही. डाउनलोडची रांग माझ्या मोडेममध्ये लागतच नाही, ती केबल कंपनीच्या दुसऱ्या टोकाच्या यंत्रात लागते, आणि ते यंत्र कंपनीने सुधारल्याखेरीज ती कमी होणार नाही. रिकाम्या लाइनवरचे १३ मिलिसेकंदही तसेच राहिले, कारण केबलवर मोडेमला वाटेल तेव्हा बोलता येत नाही. पाठवायचे असेल तर आधी वेळ मागावी लागते आणि पलीकडून ती मंजूर व्हावी लागते. त्या मागणी-मंजुरीत काही मिलिसेकंद जातातच. आणि साताऱ्यापर्यंतचे अंतर तर कोणीच कमी करू शकत नाही. प्रकाश काचेच्या तंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. येथून मुंबई सरळ रेषेत साधारण साडेबारा हजार किलोमीटर आहे, म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद हा निसर्गाचाच नियम, आणि समुद्राखालच्या केबली सरळ रेषेत जात नसल्यामुळे प्रत्यक्षात २०० च्या वर. एवढ्या विलंबाची माणसाला सवय होते. त्यावर आणखी ३०० चढले की दोघेही एकाच वेळी बोलू लागतात आणि दोघेही एकाच वेळी थांबतात. आईचे ते वाक्य एप्रिलपासून ऐकलेले नाही. आता तिची तक्रार माझ्या मागच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडाची आहे.

मात्र या चाचणीचा अनुभव सुखाचा होता असे म्हणता येणार नाही. माझा मोडेम ब्रिज मोडमध्ये असतो, म्हणजे त्यातला राउटर बंद ठेवून मी माझा स्वतःचा राउटर वापरतो. नव्या फर्मवेअरने कोणतीही सूचना न देता ती मांडणी पुसून टाकली आणि आतला राउटर पुन्हा चालू केला. परिणामी घरात एकापुढे एक असे दोन राउटर झाले. इंटरनेट चालू होते, त्यामुळे सकाळी काहीच लक्षात आले नाही. दुपारी पत्नीची कार्यालयाची व्हीपीएन जोडणी वारंवार तुटू लागली तेव्हा शोध लागला. सेटिंग पूर्ववत करायला दोन मिनिटे लागली, पण ते करायचे आहे हे कळायला अर्धा दिवस. सामान्य ग्राहकाला हे कधीच कळले नसते.

दुसरा दोष अधिक गंभीर होता. पहिल्या आवृत्तीत मोडेम चौथ्या आणि नवव्या दिवशी आपोआप बंद होऊन सुरू झाला, दोन्ही वेळा भर दुपारी, आणि पुन्हा पूर्ण सुरू व्हायला प्रत्येकी सहा-सात मिनिटे लागली. मी ग्राहक सेवेला फोन केला. ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांना अशी काही चाचणी चालू असल्याचे माहीतच नव्हते. त्यांनी मला मागच्या छिद्रात टाचणी खुपसून मोडेम मूळ स्थितीत आणायला सांगितले. त्याने मांडणी जाते, फर्मवेअर जात नाही, हे मी त्यांना सांगितले, तेव्हा त्यांनी वेग मोजून तो उत्तम असल्याचे मला कळवले. चाचणीच्या ईमेलला उत्तर पाठवल्यावर मात्र तिसऱ्या दिवशी नोंदवहीची प्रत मागवण्यात आली आणि दोन आठवड्यांनी दुसरी आवृत्ती आली. ती बसल्यापासून आज चौतीस दिवस मोडेम एकदाही स्वतःहून बंद पडलेला नाही, आणि या वेळी ब्रिज मोडही शाबूत राहिला. मधल्या त्या दोन आठवड्यांत जुन्या फर्मवेअरवर परत जायचा मार्ग माझ्याकडे नव्हता. घरून काम करणाऱ्या माणसाकडे अशा वेळी फोनचा हॉटस्पॉट नसेल तर त्याने या चाचणीत उतरू नये.

तिसरी गोष्ट खटकली ती पारदर्शकतेची. नव्या आवृत्तीत मोडेमच्या पानावरून प्रत्येक वाहिनीच्या सिग्नलचा तपशील काढून टाकला आहे आणि त्या जागी 'उत्तम', 'मध्यम', 'खराब' असे तीनच शेरे ठेवले आहेत. ज्या आकड्यांवरून मी तळघरातला स्प्लिटर पकडला ते आकडेच आता दिसत नाहीत. सुरक्षेचे कारण दिले असते तर निदान विचार करता आला असता. मोडेमची अंतर्गत पाने धोक्याची ठरू शकतात हे खरेच आहे. जानेवारी २०२० मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी 'केबल हाँट' नावाने उघड केलेली त्रुटी मोडेममधल्या सिग्नल तपासण्याच्या सोयीतच होती, आणि एकट्या युरोपात वीस कोटी मोडेम तिच्या कक्षेत येत असल्याचा त्यांचा अंदाज होता. पण त्यावर उपाय सोय नीट बंदिस्त करणे हा आहे. माझ्याच लाइनचे आकडे माझ्यापासून लपवणे याला उपाय म्हणता येणार नाही, आणि यादीतल्या चार ओळींत या बदलाचा उल्लेखही नव्हता.

माझे मत विचाराल तर रांगेच्या व्यवस्थापनासाठी या फर्मवेअरला मी पैकीच्या पैकी गुण देईन, आणि ते घरात आणून सोडण्याच्या पद्धतीला जेमतेम उत्तीर्ण करीन. ज्यांना असा ईमेल येईल त्यांनी 'हो' म्हणण्यापूर्वी मोडेमच्या सिग्नलच्या पानाचे आणि सर्व मांडणीचे फोटो काढून ठेवावेत. ब्रिज मोड असेल तर नव्या आवृत्तीनंतर तो सर्वांत आधी तपासावा, आणि अपलोडच्या भरातला विलंब आधी मोजलेला नसेल तर सुधारणा झाली की नाही यावर वाद घालू नये. महाराष्ट्रातल्या वाचकांकडे आता बहुतेक ठिकाणी केबलची जागा फायबरने घेतली आहे. तेथेही भिंतीवरच्या डब्याचे फर्मवेअर सेवा देणाऱ्याच्याच हातात असते, त्यामुळे फोटो काढण्याचा सल्ला त्यांनाही लागू आहे.

राहता राहिला दिव्याचा रंग. पूर्वी मंद पांढरा असलेला दिवा आता प्रखर निळा झाला आहे आणि तो मंद करण्याची सोय नाही. मोडेम दिवाणखान्यात असल्यामुळे त्यावर सध्या काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावला आहे.